एक काना

"मुख्याध्यापिकाबाईंसमोर तू तोंड उघडायचं नाहीस. काय ते मी सांगेन," आईच्या भाजलेल्या हातावर पट्टी गुंडाळता गुंडाळता लेकीने पुन्हा एकदा बजावलं.

"मी काय तिथे भांडायला चाललेय?"

"तू भांडत नाहीस गं. पण ऐकणाऱ्याला तसं वाटतं."

हे मात्र खरं होतं. लढाईत घर गेलं, नवरा गेला, आणि दोन लेकरांना घेऊन ती ज्या परक्या देशात येऊन पडली, तिथली भाषा तिला शिकवली ती इस्पितळाच्या धुलाईघरातल्या मुकादमाने. हा गृहस्थ हुकूम सोडण्यापुरतंच तोंड उघडत असे. उचल. झटक. आत घाल. पुढे सरक. दुमड. ठेव. एवढ्या भांडवलावर तिने संसार पुन्हा उभा केला होता. दूधवाल्याला ती म्हणे, "ठेव. सरक." धाकट्याला ताप आला तेव्हा डॉक्टरला म्हणाली, "उचल याला." गंमत म्हणजे माणसं मुकाट्याने ऐकत. पण शेजारी उभी असलेली लेक शरमेने अर्धी होई... आपल्या मुलखात भावाभावांतली भांडणं मिटवायला जिला लांबून लांबून बोलावणं यायचं, जिच्या वाणीतल्या माधुर्याने संतापलेली माणसं जेवायला बसायची, तिची ही दशा!

त्यात गेल्या महिन्यात चादर सारताना तिचा उजवा हात इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांत गेला. बोटं वाचली, पण वाकेनाशी झाली. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा त्याच रुळांपुढे उभी राहिली, डाव्या हाताने. लेक हे रोज पाहत होती आणि काही बोलत नव्हती. आईला वाटलं, पोरगी शहाणी झाली. आयांची अशी फसगत नेहमीच होते.

आज मात्र आई खुशीत होती. लेक वर्गात पहिली आली होती, आणि "बाईंनी कौतुक करायला बोलावलंय" असं तिनेच सांगितलं होतं. रस्ताभर आईने मनातल्या मनात भाषणाची जुळवाजुळव केली.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात ढाली होत्या, आणि टेबलापलीकडे नाकाच्या टोकावर चष्मा घेतलेल्या बाई होत्या. आई आपल्या भाषेत बोलू लागली. "बाई, घर सोडताना मी भांडी सोडली, कपडे सोडले, माझा माणूस तर तिथल्या मातीतच ठेवून आले... पण लेकरांनी शिकावं ही त्याची एक इच्छा तेवढी उराशी धरून आणली. ती आज या शाळेच्या हवाली करते. मला बोलता येत नाही, पण ही माझी लेक म्हणजेच माझं बोलणं आहे."

लेकीने याचं भाषांतर केलं ते असं: "आई म्हणतेय, माझं शिक्षण थांबवायचं. मी नोकरी धरेन."

यातला एकच शब्द आईला कळला. थांब.

धुलाईघरात हा शब्द एरवी कोणी उच्चारत नाही. चादरी थांबत नाहीत, रूळ थांबत नाहीत. कोणाचा हात आत गेला, की तेवढ्यापुरता तो ओरडला जातो. आईने दचकून आधी सगळ्यांचे हात पाहिले. सगळे शाबूत होते. मग इथे थांबायचं होतं तरी काय?

"माझं बोलणं एवढं लांबलचक, आणि तुझं एवढंसं कसं गं?"

"ती भाषाच तशी आहे. बस तू."

पण बोलताना लेकीची नजर त्या पट्टीवर गेली, तिथेच खिळली... काय थांबणार होतं, ते आईला उमगलं.

ती उठली. आयुष्यभराचं माधुर्य तिच्या कंठाशी दाटून आलं होतं, पण हाताशी शब्द होते ते मुकादमाचेच. मुख्याध्यापिकाबाईंकडे बोट रोखून ती म्हणाली, "थांब नाही! हिला ठेव. आत ठेव. पुढे सरकव. हात माझा गेला. हिचा नाही." 'लिहिणं' हा शब्द तिच्यापाशी नव्हता. पट्टीतल्या ताठ बोटांनी तिने हवेत लिहून दाखवलं. "उचल हिला." आणि मुकादम जसा रोज समारोप करतो, तसाच तिने केला. "कळलं? लाग कामाला."

त्या खुर्चीवर बसल्यापासून बाईंना कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या, "लागते."

शाळेच्या फाटकाबाहेर लेकीचा बांध फुटला. "मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी खोटं बोलायला घातलं का तुला शाळेत?"

"दुसराही हात जाईल, आई! मला रुळांवरून काढा, एवढं तरी मुकादमाला सांगता येतं का तुला?"

"नाही येत. शिकव मग. पहिली आलीस ना?"

लेक रडता रडता हसली. आईने डाव्या हाताने तिचे डोळे पुसले.

"आधी सगळ्यांना 'तू' म्हणणं बंद कर. मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणायचं."

"तुम्ही म्हणजे पुष्कळजण ना?"

"एकट्यालाही म्हणतात. आणि शब्दाला शेवटी एक काना. ठेव नाही, ठेवा."

"एका माणसाला पुष्कळ म्हणायचं," आई म्हणाली. "लबाड भाषा आहे." पण वाटभर ती पुटपुटत राहिली. ठेवा, सरका, उचला...

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाफेने भरलेल्या धुलाईघरात, ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही सरका," ती म्हणाली. "मला दुमडायच्या टेबलावर ठेवा. हात थांबला."

मुकादमाने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे आणखी कोण उभं आहे ते. कोणी नव्हतं. त्या जागी जन्म घालवूनही त्याला कोणी पुष्कळ म्हटलं नव्हतं. तो सरकला. टेबलाजवळचं स्टूल त्याने स्वतः पुढे ओढलं आणि खाकरून, नवशिक्यासारखं अडखळत म्हणाला, "बस..." आणि मग, "बसा."

तो काना तिने स्वच्छ ऐकला. पाठ ताठ करून ती बसली, आणि पहिली चादर पुढे ओढली.