अर्धी प्रार्थना

मरोळ गावठाणात फिलूआंटीच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून नलिनीला कॅलेंडर बघायची गरजच उरली नव्हती. खालून येणाऱ्या वासांवरून सण कळायचे. नाताळात भाजलेल्या रव्याचा आणि खोबऱ्याचा वास, मग उपासकाळात मटणाला सुट्टी, गुड फ्रायडेला नुसती पेज आणि ईस्टरला असा काही रस्सा, की तिचा नवरा नंदू खिडक्या लावून घ्यायचा. घर जुनं, कौलारू. वरची जमीन लाकडी फळ्यांची, आणि त्यांच्या फटींतून वासच काय, आंटीचं पुटपुटणंसुद्धा वर यायचं.

ऐकणं हा नलिनीचा धंदाच होता. एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. समोरच्याचं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत ती माणूस ओळखायची आणि 'होल्ड प्लीज' म्हणून लाइन जोडून द्यायची. नंदकुमार तिला भेटला तोही फोनवरच. पवईच्या इन्स्टिट्यूटमधल्या स्टोअरमधून तो फोन करायचा आणि बोलण्याआधी बारीक घसा खाकरायचा. त्या खाकरण्यावर ती आधी भाळली, चेहरा नंतर पाहिला. "तुझं लग्न माझ्याशी नाही, माझ्या घशाशी झालंय," असं तो चारचौघांत चिडवायचा. दुबईहून भावाने आणलेला टेपरेकॉर्डर घरात आला, तेव्हा नंदूने तिला काहीतरी बोलायला लावायचा फार प्रयत्न केला होता. ती लाजून स्वयंपाकघरात पळाली. मग त्यावर फक्त रेडिओवरची गाणी भरली गेली.

त्र्याऐंशीचा ऑक्टोबर हा त्यांचा या घरातला पहिला. आगेऱ्याच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाच्या, रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद घेतलेल्या भाताच्या लोंब्या आंटीने दारावर बांधल्या. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना. संध्याकाळी दिवेलागण झाली की आंटी माळ घेऊन घरातल्या वेदीसमोर बसायची. प्रत्येक मण्याला एक प्रार्थना. तिचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी, अशी रीत. आंटी एकटीच होती. तरीही ती पहिला अर्धा भाग म्हणून थांबायची, आणि दुसरा म्हणायला लागेल तेवढा वेळ गेला की पुढचा मणी घ्यायची.

नलिनीला ते थांबणं ऐकायला विचित्र वाटायचं. फोनवर पलीकडचा माणूस गप्प राहिला की वाटतं तसं.

एका संध्याकाळी ती कणीक मळत होती. खाली आंटी थांबली आणि त्या शांततेत कुणीतरी बारीक घसा खाकरला. मग नंदूच्या आवाजात दुसरा अर्धा भाग आला. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द तिने स्पष्ट ऐकले.

आज लवकर आला आणि आंटीने धरून बसवला वाटतं, म्हणून ती हसत खाली गेली. दार उघडंच होतं. वेदीवर लाल दिवा, झेंडूचा हार, आणि चटईवर एकटी आंटी. बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

नंदू तासाभराने आला.

"मघाशी खाली बसला होतास?"

"मी? मी बसमध्ये लटकत होतो, यार. स्टॉक चेकिंग संपेपर्यंत रोज असंच होणार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्याही. तेच खाकरणं, 'मरणाच्या' या शब्दावर तसाच किंचित बसणारा आवाज. हजार आवाजांतून तिने तो काढून दिला असता. रविवारी नंदू घरी असायचा, पण रविवारची रोझरी आंटी चर्चमध्ये करायची. त्याला सांगावं कसं, तेच तिला सुचेना.

मग गल्लीत घरोघर फिरणारी मरियामातेची मूर्ती एका संध्याकाळी आंटीकडे आली. सारी गल्ली खाली जमली. नलिनीही जाऊन बसली. पंचवीसेक माणसं एकदम उत्तर देत होती, मध्ये रिकामी जागाच राहत नव्हती. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. सगळे पांगले, तशी आंटीने तिच्या हातावर उकडलेले चणे ठेवले.

"आंटी, एरवी तुम्ही मध्येच थांबता, ते का?"

"उत्तर द्यायला जागा नको ठेवायला? घरात सात जणं होतो गो आम्ही. आता कोण नाय, पण सवय कुठे जाते."

"आणि उत्तर येतं?"

आंटीचा हात चण्यांच्या टोपात थांबला. "मला आता कानांनी नीट ऐकू येत नाय. बरंच हाय ते. आधी यायचं. माजा नवरा इनास बाहेर विहिरीवर पाय धूत होता नि त्याचा आवाज आत, माज्या बाजूला. पुढच्या वर्षीच्या रोझरीला इनास नव्हता. मग माजी लेक मार्था. तसंच." ती नलिनीकडे बघत राहिली. "या घरात निजतो त्याचाच आवाज येतो. तुला ऐकू आला काय? कोनाचा?"

"छे. मला कुठे काय," नलिनी म्हणाली. नाव तोंडातून निघालं तर ते खरं होईल, अशी तिला भीती वाटत होती.

त्या रात्री तिने नंदूला म्हटलं, "आपण मुलुंडला दादाकडे राहू या ना थोडे दिवस."

"आता? स्टॉक संपू दे, मग दिवाळीला जाऊ."

त्याचा श्वास ऐकत ती पडून राहिली. हा माणूस तिला हवा होता, बाकी काही नको होतं. सकाळपर्यंत तिने ठरवलं. आवाज टेपवर आला नाही, तर दोष आपल्या डोक्याचा. आणि तसं निघालं तर ती आनंदाने डॉक्टरकडे जाणार होती.

संध्याकाळी तिने टेपरेकॉर्डर आंटीच्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवला, बटण दाबलं आणि वर येऊन दोन्ही कानांवर हात दाबून बसली. रोझरी संपल्यावर तो वर आणला आणि कॅसेट मागे फिरवून लावली.

आंटीचा अर्धा भाग झाला. खाकरणं आलं. मग नंदूचा आवाज, आणि त्याच्याबरोबर, त्याच लयीत, एका बाईचा.

फळ्यांमधून हा दुसरा आवाज कधी आला नव्हता. नलिनीने पुन्हा पुन्हा ऐकलं. काहीसा नाकातला, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवून वर नेणारा. या बाईला तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, याची तिला खात्री होती.

तिच्या अंगातलं सगळं ओझं उतरलं. म्हणजे आंटीकडे कुणीतरी जोडपं येऊन बसत होतं. मागच्या दाराने येत-जात असतील. त्या माणसाचा आवाज नंदूसारखा, एवढंच. आपण काय वेड्यासारखं घेऊन बसलो होतो.

नंदू आला, तेव्हा ती दारातच हसत उभी होती. बूट काढायच्या आधीच तिने त्याला सगळं सांगून टाकलं, इनासचं, मार्थाचं, मुलुंडचं, आणि कॅसेट लावली.

त्याने वाकून कान दिला. मग हसला.

"मला बनवतेस काय गं? ही तर तूच आहेस."

"मी?"

"मग? 'होल्ड प्लीऽज'. शेवट असा वर कोण नेतं? टेपवर स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत नाही. आमच्या स्टोअरमधल्या शिवदासचंही तसंच झालं होतं."

नलिनीने टेपच्या आणखी जवळ कान नेला.

टेप पुढे सरकली. पुढचा मणी.

नंदूच्या कपाळावर आठी आली. त्याने आवाज वाढवला, पुन्हा ऐकलं, आणि बारीक घसा खाकरला.

"पण नलू, तुझ्याबरोबर हा माणूस कोण आहे? ह्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही."

टेपमध्ये आंटी थांबली. तिथेही कुणीतरी घसा खाकरला.