डबा कोण हलवत होतं?

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मोठ्या काकांनी सांगितलं तसंच लिहितोय. शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

काकांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. स्टुडिओ बंद झाला, खोड गेली नाही. घरच्या बाथरूममध्येच ते ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचे. त्याचं रसायन, म्हणजे त्यांच्या भाषेत औषध, जुन्या पद्धतीचं, फिल्मवर पिवळसर डाग धरणारं. त्या डागानेच फोटोत जीव येतो, म्हणायचे. बोटांना लागलं तर मात्र तपकिरी डाग आठवडाभर हटत नाही.

"माझी सवत बाथरूममध्ये राहते," काकू हसून सांगायच्या.

बोलता येत होतं तेव्हा.

मग त्यांना पक्षाघात झाला. हातपाय गेले, वाचा गेली. उरले फक्त डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही.

त्या दुपारी काकूंचा डोळा लागल्यावर काकांनी बाथरूमची कडी आतून लावली. गॅलरीतल्या कुंड्यांचे छत्तीस फोटो धुवायचे होते. औषध कालवून ठेवलं. दिवा मालवला. अंधारात फिल्म चक्रीवर गुंडाळून, झाकण लावल्यावर उजेड शिरत नाही अशा डब्यात ठेवली.

झाकण हातातून निसटलं.

काका खाली वाकून चाचपडू लागले. आणि...

कुणीतरी ते झाकण त्यांच्या हातात दिलं.

बोटं गार होती. ओली होती.

सवयीने काकांनी झाकण बसवलं. मग लक्षात आलं, आत आपण एकटेच आहोत. दिवा लावला.

कोणी नाही. कडी तशीच.

फिल्म वाया जाऊ नये म्हणून त्यांनी डब्यात औषध ओतलं आणि काकूंकडे धाव घेतली.

काकू जाग्या होत्या. चादरीवरच्या उजव्या हाताची बोटं... तपकिरी झाली होती.

"अगं, तू आत आली होतीस?"

डोळे दोनदा मिटले.

"मग हे कुणी लावलं?"

काकूंची नजर काकांच्या खांद्यावरून मागे गेली. बाथरूमच्या दाराकडे.

"तिथे कोणी आहे?"

काकूंची नजर परत काकांवर आली. मग... एकदा.

"आपल्या ओळखीचं?"

दोनदा.

टक. टक.

बाथरूममधून आलेला तो आवाज काकांना झोपेतही कळला असता. औषध घातल्यावर दर मिनिटाला डबा हलवायचा, मग बेसिनच्या कडेवर दोनदा आपटायचा, म्हणजे आतले बुडबुडे सुटतात.

मिनिटभर शांतता.

टक. टक.

काकांनी काकूंना उचलायला हात घातले. सत्तरीतला माणूस... काकूंचे खांदेसुद्धा गादीवरून सुटेनात. फोन बाथरूमशेजारच्या टेबलावर. तिकडे जायचं तर काकूंना एकटं सोडायचं.

ते दाराकडे पाठ करून बसले. काकूंचा हात धरला.

"मी आहे हं इथेच," एवढंच म्हणाले.

बारा वेळा आवाज आला. मग नळ सुटला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

मग तेही थांबलं.

सहा वाजता मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेलो, माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. दोघं तशीच होती.  काकांनी फक्त बाथरूमकडे बोट दाखवलं.

आत फिल्म चिमट्याला लावून वाळत टाकलेली. अगदी नीट.

मी ती उजेडात धरली.

कुंड्या नव्हत्या.

काकूंचा हात धरून बसलेले काका होते. पाठमोरे. बाथरूमच्या दारातून घेतलेले. प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा जवळून. छत्तिसाव्यात फक्त काकूंचे डोळे, उघडे.

कॅमेरा कपाटात कुलूपबंद होता.

दोघांना मी माझ्या घरी आणलं. आता काका काकूंच्या पलंगाला टेकून, दाराकडे तोंड करून बसतात. झोपतातही तसेच. डॉक्टर झाले, सगळं झालं. आम्ही तरी काय करणार?

काकू हल्ली दाराकडे बघत नाहीत.

त्या काकांच्या शेजारी बघतात... तिथे कोणीच नसतं.