अजून तीन तास

कासाब्लांकाच्या तिकीट कचेरीत इतिमादला जगातली कुठलीही दोन शहरं सांगा, मधलं अंतर आणि विमानाचा वेळ ती मान वर न करता सांगायची. मॉन्ट्रियल ते कासाब्लांका जवळपास पावणेसहा हजार किलोमीटर, साडेसहा तास. हा आकडा तर तिच्या अगदी जिभेवर, कारण तिचा भाऊ अनवार अकरा वर्षं तिकडेच होता.

आईने अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो निघाला. त्यांच्याकडे माती त्याच दिवशी देतात, कुणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे तो येईपर्यंत आईला धरून ठेवणं, एवढंच इतिमादच्या हाती उरलं होतं.

सकाळी सहाला आईने विचारलं, "किती राहिलं गं?"

इतिमादने फोनच्या नकाशावर अनवारचं चिमुकलं विमान पाहिलं. समुद्रावर होतं. "तीन तास, यम्मा."

"तीन ना? तेवढे काढते मी."

आईच्या ओठांवर कापसाने पाणी सोडणारी शेजारीण लल्ला झहूर कुजबुजली, "पोरी, तीनच सांगत राहा. आकडा उतरला की माणूस जायची आवराआवर करायला लागतं."

सातला आईने विचारलं. "तीन तास." आठलाही तेच. नऊलाही, दहालाही. खोटं बोलताना इतिमादची जीभ जराही चाचरली नाही. मग तिने सहज फोन पाहिला. तीन तास. विमान सकाळी होतं तिथेच.

यंत्रच बिघडलंय म्हणत तिने विमानतळावरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. विमान वेळेवर उतरलं होतं, सामानाचा पट्टासुद्धा बंद झाला होता. अनवार मॉन्ट्रियलला चढल्याची नोंद होती. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र तो आलाच नव्हता.

तेवढ्यात त्याचा निरोप आला. "तीन तास राहिलेत. पुन्हा नाश्ता देतायत. बाहेर अजून काळोख आहे. शेजारची सीट रिकामीच, मस्त पाय पसरलेत. यम्मा कशी आहे?"

खिडकीतलं ऊन पुदिन्याच्या कुंडीवर आलं होतं.

तीन दिवस गेले. इतिमादने विमानतळाचे खेटे घातले. निरोप येत राहिला, शब्दाशब्दाने तोच. आई खाईना, पिईना, मरेना. पाठीला जखमा झाल्या. चादर मुठीत आवळून "काढते मी" एवढंच म्हणायची आणि कण्हायची. तीन तास, तीन तास म्हणत आपणच दोघांना अडकवलंय, हे इतिमादला कळून चुकलं.

"सोड गं तिला आता," लल्ला झहूर रडत म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी इतिमाद आईच्या कानाशी वाकली. "यम्मा, आला अनवार."

आईने दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

"आला," इतिमाद पुन्हा म्हणाली.

आईची मूठ उघडली.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर पुरुषमंडळी आईला कबरस्तानात घेऊन गेली. घरी राहिलेल्या इतिमादने भीत भीत फोन उघडला. तीन तास. विमान तिथेच.

निरोप मात्र नवा होता.

"इतिमाद, शेजारच्या सीटवर यम्मा येऊन बसलीय. सारखी विचारतेय, किती राहिलं. काय सांगू?"