हात दाखवला की थांबते

वेन्बीचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक खोली आणि हमाल क्लेम पॅजेट. गाडी इथे आपणहून थांबत नसे. फलाटावरून हात दाखवला तरच. विसरणाऱ्याची गाडी चुके, मग तो गावचा पाद्री का असेना, आणि वर क्लेमचा टोमणा, "काय पाद्रीबाबा, मनातल्या मनात हाक मारलीत होय?"

मग लाइन बंद झाली. रूळ उपटून भंगारात गेले, तिथे गुडघाभर गवत माजलं. क्लेमने स्टेशनच विकत घेऊन त्यात संसार थाटला.

तरीही रोज दुपारी, चहाच्या वेळेला, गाडी यायचीच. दिसत नसे. आधी कपबश्या किणकिणत, मग ओल्या कोळशाचा वास, मग पायाखालून थरथर जाई. क्लेमच्या बायकोने, ऑड्रीने, शेतातल्या ट्रॅक्टरवर खापर फोडून पाहिलं. पण वारा नसताना गवत एका बाजूला झोपत गेलेलं पाहिलं, आणि तिने ट्रॅक्टरचं नाव काढणं सोडलं.

"हात खिशात ठेव," एवढंच ती नवऱ्याला बजावे.

"मग खिसेच शिवून टाक ना, हात आत घालून!"

शेवटी रडून, भांडून, अबोला धरून तिने त्याला कबूल करवलं: समुद्राकाठी, तिच्या बहिणीकडे कायमचं जायचं. सामान बांधून झालं. सकाळी ट्रक येणार. आजची दुपार निभावली की नवरा तिचा.

क्लेम बाकावर बसला होता, हात खिशात. ऑड्री खिडकीशी. कप किणकिणले.

तेवढ्यात पलीकडच्या कुंपणावरून शेजारच्या मिसेस ट्रॉब्रिज ओरडल्या, "क्लेम! उद्या निघालात ना? न भेटता पळणार होतात, लबाड!"

माणूस जन्माचा सभ्य. उठला, आणि निरोपाचा हात वर केला.

"क्लेम, नको!"

लोखंड किंचाळलं.

थरथर थांबली.

क्लेमने टोपी काढली. उतरणाऱ्याला वाट द्यावी तसा एक पाऊल मागे सरला. मग मान वाकवून हवेत एक पायरी चढला.

दार आपटलं. गवत पुन्हा झोपत गेलं.

ऑड्री धावत बाहेर आली. फलाट रिकामा. पलीकडे मिसेस ट्रॉब्रिज पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बोट दाखवत होत्या. फलाटाकडे नव्हे, ऑड्रीच्या मागे, घराच्या दाराकडे.

दाराशी, चिखल पुसायच्या लोखंडी पट्टीवर, कुणीतरी बूट खरवडत होतं. बूट दिसत नव्हते. ताजा, काळा चिखल तेवढा पायरीवर पडत होता. खरवडणं सावकाश, राहायला आलेल्या माणसाचं.