माळावरची काळी माती

"आतिफनं त्याला मारलं न्हाई, ताई. दोघं एका डब्यात जेवायचे," नसीम म्हणाली. तिचा नवरा कोठडीत होता आणि तिच्या डोळ्यांत पाण्यापेक्षा रागच जास्त होता.

धर्मापुरीजवळच्या दगडखाणीत कडा कोसळून बिभीषण ठार झाला होता. आतिफनं पोकलेननं कड्याचा पायथा पोखरला, असं मुकादमानं पोलिसांना सांगितलं होतं.

"बिभीषणभाऊ खाली उतरायलाच तयार न्हवते. वर भेग पडली म्हणायचे. मग एकाएकी उतरले."

खासगी तपास करणाऱ्या रोहिणीताई तडक खाणीवर पोचल्या. मागून त्यांचा मदतनीस राम, उन्हानं बेजार. पायथा पोखरला, कडा पडला. त्याला तर यात कोडं दिसतच नव्हतं.

"पायथ्याचा खडक जागच्या जागी आहे, राम. आणि कोसळलेल्या शिळेच्या मागच्या अंगाला हे काय?"

"चिखल. काळा, वाळलेला." आसपास नुसता मुरूम, आणि पावसाचा पत्ता नाही. पाणी होतं ते धूळ बसवायच्या टँकरमध्ये.

मालक राधाकिशन खुर्चीतून उठलाही नाही. "सळया ठोकून कडा बांधा म्हणतेत कामगार. कशाला? काम थांबलं न्हाई पाहिजे, एवढंच मुकादमाला सांगतो मी. माझं सगळं रान ह्याच माळावर, मुरमाड; खाणीबिगर त्यात पिकतं काय?"

मुकादम शिवशंकर म्हणजे बिभीषणचा थोरला भाऊ. "भेग न्हवतीच. औंदा आमच्या नदीकाठच्या काळ्या रानात दोघं कपाशी लावनार होतो..." तो हमसून रडला. रामला त्याची फार दया आली.

रोहिणीताईंनी फौजदारांना बोलावून घेतलं.

"पायथा पोखरला असता तर आधी तोच गेला असता. कडा वरून ढकलला गेलाय. भेगेत कुणीतरी काळी माती भरली आणि घट्ट बसावी म्हणून टँकरचं पाणी सोडलं. राम, काळ्या रानातल्या घरांच्या भिंती पावसाळ्यात का तडकतात?"

"पाणी मुरलं की माती फुगते..." राम म्हणाला.

"भेगेतही फुगली. मालकाचं रान मुरमाड. काळं रान तुमचं, शिवशंकर."

शिवशंकर कड्याकडं बघत बोलू लागला.

"त्यो उतरंना. काम बंद पडलं असतं, मुकादमकी गेली असती. भेग बुजवली, वरून चालून दाखवलं. म्हणलं, बघ, हाय का भेग? हसला अन् उतरला. मग मी आतिफवर ढकललं."

फौजदारांनी आतिफला सोडायचा निरोप धाडला आणि शिवशंकरसोबत, कडा न बांधल्याबद्दल राधाकिशनलाही गाडीत बसवलं.

"ताई, आमच्या मायला तुमी सांगता का?" शिवशंकरनं विचारलं.

"नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "ते तुम्हालाच सांगावं लागेल."