ताईच्या हातचे उंदीर

हे मी दोनदा सांगणार आहे. आमच्या कामात एकदाच घडलेलं कुणी खरं धरत नाही.

आणि हे खरं आहे.

जागा: संस्थेच्या तळघरातली उंदरांची खोली. खिडकी नाही. वेळ रविवार दुपारची, इमारतीत चिटपाखरू नसतं तेव्हाची.

आधी ताई.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. याच खोलीत काम करायची. भित्र्या उंदरांची भीती घालवणारं औषध तिनं शोधलं होतं. पेटीचा अर्धा भाग अंधारा, अर्धा उजेडाचा. भित्रा उंदीर अंधार सोडत नाही. ताईचे उंदीर मात्र बागेत फिरायला निघाल्यासारखे उजेडात यायचे.

दुसऱ्या कुणाला ते जमेना. आकडे बनावट असल्याची कुजबूज सुरू झाली. पडताळणीसाठी ताईनंच माझं नाव सुचवलं.

माझा एकही उंदीर बाहेर आला नाही.

ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, शेपटीला धरून काय उचलतोस? ओंजळ कर. आणि आधी झाकणावर नखानं वाजव, म्हणजे दचकत नाहीत."

मी म्हटलं, "ताई, मग औषध उंदरांना द्यायचं की माझ्या हातांना?"

ती हसली नाही.

जे दिसलं ते मी कळवलं. तिचं संशोधन रद्द झालं. ताई घरी बसली. दार बंद, दिवा बंद. आई ताट उंबऱ्यावर ठेवायची, तसंच उचलायची. एके सकाळी आईनं दार ढकललं, तर आत ताई नव्हती... म्हणजे होती, पण गार.

तिनं शेवटपर्यंत अंधार सोडला नाही.

*पहिल्यांदा.*

नव्या औषधाची चाचणी होती. त्या रविवारच्या उंदरांना तुलनेसाठी नुसतं पाणी दिलेलं. रांगेत पेट्या, प्रत्येकीत एक उंदीर. मी शेजारच्या खोलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर.

सगळे अंधारात दडलेले.

मग...

टक्. टक्.

झाकणावर नख.

पडद्यावर खोली रिकामी होती.

पहिला उंदीर उजेडात आला. मग दुसरा. मग सगळेच. पुढचे पाय उचलून ते एकाच दिशेला बघत बसले.

दाराकडे.

दारात कुणी नव्हतं.

*दुसऱ्यांदा.*

पुढचा रविवार. तेच उंदीर, तेच पाणी. या वेळी मी आत गेलो.

"ताई?"

पंखा घरघरत होता. बाकी काही नाही.

मी झाकण उघडलं आणि सवयीनं शेपटी पकडली. उंदीर किंचाळला.

टक्. टक्.

माझ्या कानामागे. या वेळी जोरात, लहानपणी अभ्यासात चुकलो की ती टेबलावर वाजवायची तसं.

मी शेपटी सोडली. ओंजळ केली.

उंदीर आपणहून चढला. मिटल्या डोळ्यांनी गोळा होऊन बसला. मी हात खाली घ्यायला गेलो, पण ओंजळ जराही हलत नव्हती...

कारण तिच्याखाली दुसरी ओंजळ होती.

उबदार.

सोमवारी प्रमुखांचा फोन आला. त्यांनी चित्रण पाहिलं होतं. म्हणाले, नुसतं पाणी पिऊन उंदीर धीट होत असतील, तर तुमच्या बहिणीचं औषध बिनकामाचंच होतं.

होतं. पण ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातात ते धीट व्हायचेच. हे मला तेव्हाच, त्या दारात ती उभी असताना, तपासून पाहता आलं असतं.

"बरं," प्रमुख म्हणाले, "प्रयोग कुणी केला म्हणून नोंदवू?"

ताईचं नाव तोंडाशी आलं होतं.

"मी," मी म्हणालो.

टेबलावर, माझ्या हाताशेजारी...

टक्.

एकदाच.

दुसऱ्याची मी अजून वाट पाहतोय.