दोन्ही कागदांना चालणारे बेट

अपराध दोन प्रकारचे असतात. एक माणूस ठरवून करतो. दुसरा, त्याचे लक्ष अन्यत्र असताना, त्याच्या हातून घडून जातो. पहिल्याला दंड आहे आणि प्रायश्चित्तही आहे. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र शास्त्रेही किंचित अडखळतात. कारण ज्या ठिकाणी त्या क्षणी चित्त गुंतले होते, ते ठिकाण पुष्कळदा निर्मळ असते. ज्या मुलीची ही हकिगत आहे, तिचे चित्त अशाच एका निर्मळ ठिकाणी गुंतले होते. म्हणूनच तिला क्षमा मागणे अवघड गेले, आणि क्षमा करणाऱ्यांना तर त्याहून अवघड.

ती आपल्या मामांच्या सहल-कार्यालयात काम करीत असे. कार्यालय चौथ्या मजल्यावर होते. एके सकाळी, बाहेर पाऊस संथपणे रिमझिमत असताना, इमारतीची लिफ्ट तिला घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि दिवाही गेला. बराच वेळ हाका मारल्यावर वरून एक आवाज आला.

"आत कोणी आहे का?"

"मी आहे!"

"मी म्हणजे कोण?"

"आता काय ओळख करून देत बसू? आधी बाहेर काढा."

"ओळख असली की काम लवकर होतं."

"चौथ्या मजल्यावर सहलींचं ऑफिस आहे ना, तिथली."

"अरे वा! म्हणजे लोकांना जगभर पाठवता, आणि स्वतः दोन मजल्यांच्या मधेच?"

अंधारात, भीती वाटत असतानाही, तिला हसू आले. वर लोखंडाचा खणखणाट चालला होता. मग तो थांबला, आणि तोच आवाज जरा निराळ्या स्वरात म्हणाला, "एक विचारू? व्हिसा न मागणारे देश... असतात का हो?"

"असतात की. का, पळून जायचंय का कुणाला घेऊन?"

"हो," तो म्हणाला, "आईला घेऊन."

दार उघडले तेव्हा तिला प्रथम दिसला तो त्याचा पुढे केलेला कोपर. हाताला वंगण लागले होते म्हणून त्याने हात दिला नव्हता. तो कोपर धरून ती वर आली, आणि वर आल्यावरही तिने तो आवश्यकतेपेक्षा क्षणभर अधिक धरून ठेवला. हे त्या दोघांनाही कळले.

त्या संध्याकाळी तो स्वच्छ हात धुऊन कार्यालयात आला. त्याची गोष्ट थोडक्यात अशी होती. त्याचा थोरला भाऊ महाविद्यालयात असताना सत्ताधाऱ्यांच्या विरोधात काही लिहून बसला होता. खटला उभा राहिला, आणि एका रात्रीत त्याला देश सोडावा लागला. दूरच्या एका राष्ट्राने त्याला आश्रय दिला. परंतु आई आणि धाकटा भेटीला येऊ म्हणाले, की तेच राष्ट्र त्यांना व्हिसा नाकारी. हे आले की परत जाणार नाहीत, असा त्याचा संशय. थोरल्याला इकडे येता येत नव्हते, यांना तिकडे जाता येत नव्हते. या गोष्टीला दहा वर्षे होत आली होती.

"म्हणजे तिसराच देश हवा," ती म्हणाली. "तुम्हाला व्हिसा नको, आणि दादांनाही नको."

"असा असेल?"

"शोधू या."

शोध वाटला तितका सोपा नव्हता. भावाजवळ पासपोर्ट नव्हता. निर्वासिताला मिळतो तो प्रवासाचा दाखला होता, आणि त्याला दार उघडणारे देश मूठभरच होते. रोज संध्याकाळी लिफ्टची कामे आटोपून तो येई, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसे, आणि दोघे नकाशावर बोट ठेवून एकेक देश तपाशीत.

"हा?"

"तुम्हाला उघडा, दादांना बंद."

"मग हा, खालचा?"

"दादांना उघडा, तुम्हाला बंद."

"हे लग्न जमवण्यासारखंच झालं की! एकीकडून होकार आला, की दुसरीकडून नकार."

"बराच अनुभव दिसतोय तुम्हाला."

"मला नाही, आईला. ती माझ्यासाठी अजून देश शोधतेय."

"आणि तुम्ही?"

तो नकाशाकडेच पाहत राहिला. "मला... सापडला असावा. पण तिथे व्हिसा लागतो का, ते अजून विचारलं नाही."

पलीकडच्या टेबलावरून मामा खाकरले. "भाचीबाई, नकाशावर दोन बोटं पुरतात. चार कशाला लागताहेत?"

अखेर तीन देश उरले. एकात युद्ध पेटले होते. दुसऱ्याला जाताना ज्या विमानतळावर उतरून विमान बदलायचे, तिथेच व्हिसा मागत. राहिले एक बेट. दोन्ही कागदांना चालणारे ते एकच स्थान होते. आणि निर्वासितांच्या दाखल्याला तिथे मिळणारी सवलतही त्या महिन्याच्या अखेरीस संपणार होती. भावाने रजा घेतली. तिकिटे ठरली. तिने भिंतीवरच्या नकाशात त्या बेटावर टाचणी टोचली तेव्हा त्याने तिच्याकडे असे पाहिले, की तिला ती टाचणी सरळ टोचता आली नाही.

मग एक दिवस तो आईला पासपोर्टसह घेऊन आला. आई कृश, ताठ आणि तोंडाने फटकळ होती. हातातल्या पिशवीत लोकर आणि सुया होत्या.

"काकू, तिथे कडक ऊन असतं हं," ती म्हणाली. "स्वेटर कुणासाठी?"

"थोरल्यासाठी. लहानपणापासून त्याचं नाक वाहतं. ऊन काय नाकाला विचारून पडतं?"

मामांनी तिला या धंद्यातला पहिला धडा शिकविला होता. पासपोर्ट हाती आला की आधी त्याची मुदत पाहायची, मग नाव. व्हिसा न मागणारे देशसुद्धा पासपोर्टात सहा महिने शिल्लक असलेले मागतात. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसते, म्हणून ते आपणच पाहायचे. त्याचा पासपोर्ट तिने तसाच पाहिला. मग आईचा उघडला. थोरला गेला त्याच वर्षी, त्याच्याकडे जाता यावे म्हणून तो काढलेला होता.

"आई," तो म्हणाला, "हीच ती. लिफ्टमध्ये अडकली होती ती."

"अडकली ही, की तू?" आई म्हणाली. "त्या दिवशी घरी आलास तेव्हापासून तुझंच दार उघडेना झालंय."

त्याचे कान लाल झाले. तो तिच्याकडे पाहून हसला, आणि तीही मान वर करून मनापासून हसली... आणि हसता हसता तिने मुदतीचे पान उलटले.

एवढेच झाले.

प्रवासाच्या सकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"काउंटरवरच्या बाई आईला सोडत नाहीयेत. म्हणतात, पासपोर्टात सहा महिने उरले पाहिजेत. आईच्यात चारच आहेत."

तिची नजर भिंतीवरच्या टाचणीकडे गेली.

"दादा निघालाय गं. तो विमानात आहे."

गेल्या काही दिवसांत तो तिला 'तू' म्हणू लागला होता. पलीकडे आईचा आवाज ऐकू येत होता. ती काउंटरवरच्या बाईंना समजावीत होती, "अहो, मी काय सहा महिने राहायला चाललेय? मला एक दुपार पुरे."

नव्या पासपोर्टसाठी धावाधाव झाली. पण खटल्याचे घर म्हणून पोलिसांची चौकशी लांबली. आईला मागे ठेवून धाकटाही गेला नाही. थोरला बेटावर रजा संपेपर्यंत एकटा राहिला, आणि परतला. महिना संपला. सवलतही संपली. नवा, कोरा, दहा वर्षांचा पासपोर्ट त्यानंतर आला, आणि त्याने जाता येईल असा, थोरल्यालाही चालणारा, एकही देश आता पृथ्वीवर नव्हता. तिने पुन्हा पुन्हा शोधले. जेवताना शोधले, झोपेतही शोधले. पृथ्वी एवढी मोठी, पण दोन कागद एकत्र टेकतील इतकी जागा तिच्यावर राहिली नव्हती.

मामांनी दरम्यान आपल्या परीने सावरले होते. "त्या बेटाने नियम ऐन वेळी बदलला, असं मी त्याला सांगितलंय," ते तिला म्हणाले. "तूही तेच सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगून त्याची आई काय विमानात बसणार आहे?"

मामा दुष्ट नव्हते. त्यांचे भाचीवर प्रेम होते, आणि प्रेमही कधीकधी असा सल्ला देते.

तो आला तेव्हा कार्यालयात दुसरे कोणी नव्हते. तो बारीक झाला होता. नेहमीची खुर्ची ओढून बसला, आणि नकाशाकडे न पाहता तिच्याकडे पाहत म्हणाला, "आई आता दादाचं नाव काढत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी नुसती बसून असते. मी मात्र... या सगळ्यात एकच गोष्ट माझ्या हाती लागली. तू. ऐन वेळी नियम बदलणाऱ्यांच्या जगात, एक माणूस आपल्यासाठी रोज संध्याकाळी नकाशा उघडून बसतं, हे मला पुरे आहे. माझ्याशी लग्न करशील?"

जे शब्द ऐकण्यासाठी तिने कितीतरी संध्याकाळी कान टवकारले होते, ते आले, आणि अशा वेळी आले. फक्त 'हो' म्हणायचे होते. एका अक्षराचे काम. त्यानंतर जन्मभर त्याच्या शेजारी निजायचे, आणि जन्मभर जागे राहायचे.

"नियम बदलला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"आधीपासूनच होता. मला माहीत होता. काकूंचा पासपोर्ट माझ्या हातात होता... मी तारीख पाहिली नाही."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बोलत बोलत उतरले.

"का नाही पाहिलीस?"

उत्तर देणे तिला टाळता आले असते. पण अर्धे सत्य सांगून उरलेले अर्धे पदराखाली ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते.

"तुम्ही हसलात," ती म्हणाली. "काकू तुम्हाला बोलल्या, आणि तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. मी वर पाहिलं."

हे ऐकून तो संतापला असता, तर तिला बरे वाटले असते. तो संतापला नाही. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला; जणू ते हसू अजून तिथेच कुठे सांडलेले असावे.

"मला तुझा राग येत नाहीये," तो म्हणाला. "येत नाही, हेच सोसत नाही. आता तुझ्याकडे पाहिलं, की मला दादा दिसतो. विमानतळाच्या दाराशी उभा. आणि तू मला आवडतेस, हे मी म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?"

"म्हणू नका," ती म्हणाली. "पण काकूंना मीच सांगणार. तुमच्याकडून नको."

दोघे पावसातून शेजारी शेजारी चालत त्याच्या घरी गेले. छत्री एकच होती. तिची एक बाजू भिजत होती, त्याची दुसरी. मधे जी कोरडी जागा होती, तिथे कुणीच सरकले नाही.

आई खिडकीशी बसली होती. मुलीने उभ्यानेच सर्व सांगितले, हसण्याचेही सांगितले. आईने ऐकून घेतले. मग या कित्येक दिवसांत प्रथमच तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटले.

"म्हणजे तू केलंस."

"हो, काकू."

"दहा वर्षं मी कुणावर रागवावं तेच मला कळत नव्हतं," आई म्हणाली. "सरकारवर रागवायचं? त्याला तोंड नाही. व्हिसावाल्यांवर? ते काचेमागून चिठ्ठी सरकवतात. त्या काउंटरवरच्या पोरीवर? ती बिचारी रडली माझ्यासोबत. तू आलीस. माझ्यासमोर उभी राहून 'मी केलं' म्हणणारी तू पहिली." ती थांबली, दम घेतला, आणि मग ओरडली, "माझं पोर तिथे एकटं बसलं होतं! एकटं! आणि तुला... तुला हसू सुचलं!"

मुलीने मान खाली घातली नाही. तो बोल तिच्याच वाट्याचा होता. तिने तो उभ्याने झेलला. आई ओरडली, रडली, थोरल्याचे नाव घेऊन रडली. ते नाव त्या घरात पुन्हा उच्चारले गेलेले ऐकून धाकट्याने दाराची चौकट घट्ट धरली.

रडणे ओसरल्यावर आई म्हणाली, "जा आता. आज तुझं तोंड मला बघवत नाही."

"जाते, काकू."

"पोरी," ती उंबऱ्यापर्यंत पोहोचल्यावर मागून शब्द आले, "राग संपेल की नाही, मला माहीत नाही. संपेपर्यंत येऊ नकोस. संपलाच तर मी निरोप धाडीन."

तो तिला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला. छत्री त्याने तिच्या हातात दिली. ती नको म्हणाली. त्याने ऐकले नाही. त्यांची बोटे एकमेकांना लागली, आणि त्या दोघांनाही ते कळले.

"वाट पाहू नकोस," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाट पाहणं थांबेल, असं वाटतं का?"

त्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आले. हसू होते की हुंदका, ते त्यालाही सांगता आले नसते. ते तिथेच राहिले. तो वळला आणि पावसातून घराकडे चालत गेला. त्याने मागे पाहिले नाही. आणि ती तो दिसेनासा होईपर्यंत तिथून हलली नाही.

निरोप आला की नाही, हे इथे सांगता येत नाही. कारण हे लिहीपर्यंत तो आलेला नाही. ती अजूनही कार्यालयात जाते आणि लोकांचे पासपोर्ट पाहते. दूर परक्या मुलखात एक थोरला मुलगा दिवसाचे काम आटोपून आपल्या खोलीकडे परततो. त्याच्या वाटेवर ऊन असो की गारठा, तो सुखरूप परतो. त्याच्या आईच्या रागाला, तो जळून संपेपर्यंत, कुणी मधेच विझवू नये, आणि तो संपल्यावर तिला गाढ झोप लागो. आणि जी दोन माणसे एका क्षणी एकमेकांकडे पाहून हसली, त्यांना त्या हसण्याची जन्मभर लाज वाटू नये, एवढे दान त्यांना मिळो.